मदत हवी आहे: जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिसरा आणि चौथा गिअर धरत नाही

नमस्कार मंडळी,

टेक्ससमध्ये, सॅन अँटोनियोच्या वायव्येकडील टेकड्यांच्या भागात आमची थोडी जमीन आहे. तिथल्या कामासाठी २००२ सालची शेव्हरले सिल्व्हरॅडो १५०० ही पिकअप अनेक वर्षे वापरात आहे. इंजिन ५.३ लिटरचे व्ही-८, ओढ मागच्या चाकांची आणि गिअरबॉक्स ४एल६०-ई, म्हणजे चार गिअरांचा ऑटोमॅटिक. मीटरचा आकडा दोन लाख मैलांच्या वर गेला आहे आणि त्यातले बरेचसे अंतर गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रेलर ओढत, भर उन्हाळ्यात कापलेले आहे. त्यामुळे गिअरबॉक्स थकला याबद्दल कोणाविषयीच तक्रार नाही. तो खाली उतरवण्यापूर्वी निदान पक्के व्हावे, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

गाडी पहिल्या गिअरमध्ये नीट निघते आणि दुसराही नेहमीसारखा पडतो. तिसरा पडण्याची वेळ आली की इंजिनाचे फेरे एकदम वाढतात, पण गाडीला ओढ लागत नाही. गाडी थंड असताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा हलका दाबला, तर तिसरा कधी कधी सावकाश धरतो. ऑइल तापले की तेवढेही होत नाही. चौथा तर मिळतच नाही. रिव्हर्स मात्र भक्कम आहे, चढावर मागे घेतानाही घसरत नाही. लिव्हर हाताने दुसऱ्यावर ठेवून गाडी हळूहळू घरापर्यंत आणता येते. हा त्रास सुरू होण्याच्या बरेच आधीपासून स्कॅनरवर पी१८७० हा कोड अधूनमधून दिसत असे. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाच्या) आतला क्लच घसरू लागला की या गिअरबॉक्समध्ये तो येतो.

ऑइलची पातळी गाडी पूर्ण तापवून, लिव्हर पार्कमध्ये ठेवून आणि इंजिन चालू असताना पाहिली. ती बरोबर आहे. रंग मात्र काळसर तपकिरी झाला असून वास स्पष्टपणे जळका येतो. ऑइल पॅन उतरवला तेव्हा चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लगदा होता, जो या वयाच्या गिअरबॉक्समध्ये असतोच. पॅनच्या तळाशी मात्र काळा, बारीक गाळ बराच साचला होता आणि तो क्लचच्या अस्तराचा आहे असे दिसते. धातूचे तुकडे सापडले नाहीत. दोन्ही शिफ्ट सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा, रोध मोजला. तो २० ते ३० ओहमच्या दरम्यान, म्हणजे योग्य आहे.

आता माझा तर्क मांडतो. या गिअरबॉक्समध्ये सन शेल (मधल्या सन गिअरला फिरवणारे पत्र्याचे कवच) तुटला, तर दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकाच वेळी जातात. माझ्याकडे दुसरा आणि रिव्हर्स दोन्ही शाबूत आहेत, म्हणून शेल ठीक असावा. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला लागणारा बँड (ड्रमला आवळून थांबवणारा पट्टा) बिघडला असता, तर दुसराही गेला असता. तिसरा आणि चौथा या दोघांनाच लागणारी आणि बाकी कुठेही न लागणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ३-४ क्लच. एवढे मला पटले आहे. पण तो क्लच जळण्याचे कारण न शोधता नुसत्या नव्या प्लेटा बसवल्या, तर त्याही जळतील अशी भीती वाटते आणि माझा खरा प्रश्न तिथेच आहे. जवळच्या एका वर्कशॉपने बॉनेटही न उघडता संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला दिला. भंगारातल्या गाडीचा गिअरबॉक्स बसवावा, असेही काही जण सांगतात. परंतु तोही याच वयाचा असणार आणि त्याच्या आतल्या क्लचची अवस्था बाहेरून कळणार नाही.

ज्यांनी हा गिअरबॉक्स स्वतः उघडला आहे, त्यांनी कृपया सांगावे: उतरवण्यापूर्वी आणखी कोणती चाचणी करून पाहावी, आणि उघडल्यावर ३-४ क्लचखेरीज कुठे कुठे पाहावे?

प्रतिसाद

तुमचा तर्क बरोबर आहे, तरीही उतरवण्यापूर्वी एक साधी चाचणी अवश्य करा. गिअरबॉक्सच्या बाजूचा गोल इलेक्ट्रिक प्लग काढून ठेवा आणि लिव्हर ड्राइव्हमध्ये टाका. दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद असले की हा गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरमध्ये जातो, शिवाय प्रेशर सोलेनॉइडला वीज न मिळाल्याने ऑइलचा दाब कमाल होतो. अशा वेळी गाडी जड, रेंगाळत निघाली तर ३-४ क्लच धरतो आहे आणि दोष वायरिंगमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये शोधावा. ती पहिल्या गिअरसारखी चटकन निघाली, तर क्लच धरत नाही, कारण तो घसरला की फॉरवर्ड क्लच आणि मागचा रोलर क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा) मिळून गाडी पहिल्यातच चालवतात. ही चाचणी थंड आणि तापलेल्या अशा दोन्ही अवस्थांत करा. गाडी सपाट, मोकळ्या जागी असू द्या आणि काही मीटरच चालवा.

त्यासोबत केसच्या डाव्या बाजूला असलेल्या पोर्टवर ३०० पीएसआयपर्यंतचा गेज लावून दाब पाहा. तो सगळ्याच गिअरांत कमी असेल, तर पंप किंवा प्रेशर रेग्युलेटरकडे लक्ष द्यावे लागेल. तो ठीक असूनही क्लच जळला असेल, तर गळती केवळ त्या क्लचच्या वाटेवर आहे. इथे दोन जागा फार महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे इनपुट ड्रममधल्या (क्लच ज्यात बसतात त्या डब्यातल्या) ३-४ पिस्टनची सील, जी उष्णतेने कडक होते. दुसरी जागा बरेच जण पाहतच नाहीत: केसमध्ये ठोकून बसवलेली, आत गोळी असलेली थर्ड ॲक्युम्युलेटरची (तिसरा गिअर धक्क्याविना पडावा म्हणून असलेल्या भागाची) कॅप्सूल. ती गळू लागली की क्लचकडे जाणारा दाब तिथेच निघून जातो, आणि नव्या प्लेटाही जुन्यांच्या वाटेने जातात. पी१८७० कोडचे मूळ बहुधा व्हॉल्व्ह बॉडीमध्ये (ऑइलच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेल्या भागात) असते. टॉर्क कन्व्हर्टर क्लचच्या रेग्युलेटर व्हॉल्व्हचे भोक झिजते. गिअरबॉक्स उघडणारच आहात, तर ते मोठे करून त्यात योग्य मापाचा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

टॉर्क कन्व्हर्टर जुना ठेवू नका, कारण जळलेल्या अस्तराचा गाळ त्यात अडकून राहतो आणि तो पूर्णपणे धुऊन निघत नाही. रेडिएटरमधला कूलर दोन्ही दिशांनी फ्लश करा. ट्रेलर ओढत असाल, तर रेडिएटरच्या पुढे वेगळा कूलर लावणे या हवेत गरजेचेच आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. प्लग काढून चाचणी केली. गाडी थंड असताना रेंगाळत, म्हणजे तिसऱ्यात निघाली. तापल्यावर मात्र पहिल्यासारखी चटकन सुटली. पातळ झालेले ऑइल कुठेतरी निसटते आहे, असा मी याचा अर्थ लावतो. दाब पार्कमध्ये, ड्राइव्हमध्ये आणि रिव्हर्समध्ये पाहिला, तो तापल्यावरही योग्य आहे. म्हणून पंपाचा संशय बाजूला ठेवून गिअरबॉक्स उतरवण्याचे ठरवले आहे आणि सील, कॅप्सूल व व्हॉल्व्ह बॉडी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी करणार आहे. केसमधली कॅप्सूल घरच्या हत्यारांनी बदलता येते का, एवढेच विचारायचे राहिले आहे.

प्रतिसाद

येते. मोडलेले बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर तिच्यात अडकवून ती बाहेर ओढता येते. नवी ठोकण्याआधी तिच्या बाजूचे भोक केसमधल्या वाटेसमोर येते आहे याची खात्री करा, नाहीतर नवी कॅप्सूलच वाट बंद करेल. बसवून झाल्यावर वरून थोडे सॉल्व्हंट ओता आणि ते खाली झिरपून गळत नाही ना, ते पाहा.