आईचा घसा फोनवर दाखवला, आता अँटिबायोटिक सुरू करू का?

मंडळी, जरा सल्ला हवाय. मी पुण्यात, आई (वय ६८) दापोली तालुक्यात एकटी. तीन दिवस सर्दी-खोकला, घसा धरलाय, ताप १००च्या आसपास. दवाखाना १४ किलोमीटरवर, त्यात हा पाऊस. एसटीने भिजत जाऊन बाकावर दोन तास दुसऱ्यांचे खोकले अंगावर घेण्यापेक्षा बरं, म्हणून व्हिडिओवर डॉक्टर गाठले. शेजारच्या मुलाने टॉर्च धरला, आईने आ केला आणि डॉक्टरांना दिसली ती वरची कवळी. मग रेंज गेली. पुन्हा लागला तेव्हा पाच मिनिटांत आटपलं: पॅरासिटामॉल, मिठाच्या गुळण्या, आणि 'सेफ साइड' म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक.

गेल्या हिवाळ्यात हेच झालं होतं, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी जबड्याखाली दाबून पाहिलं, छाती तपासली आणि अँटिबायोटिक दिलंच नाही. चार दिवसांत बरी झाली. आता आई म्हणते, "नाडीला हात न लावता दिलेल्या गोळ्या मी नाही घ्यायची." हट्ट आहे, पण अगदीच चूक म्हणवत नाही. साध्या दुखण्याला फोन पुरतो का? गोळ्या सुरू करू?

प्रतिसाद :
ताई, मी जनरल प्रॅक्टिस करतो, फोनवरही पेशंट बघतो. नाक वाहतंय, खोकला आहे म्हणजे बहुधा व्हायरल. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. स्ट्रेप्टोकॉकस या जीवाणूने घसा धरला तर सहसा खोकला नसतो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, मानेतल्या गाठी दुखतात. खोकल्याचं फोनवर विचारता येतं, गाठी दाबायला हातच लागतो. घसा दिसला नाही की डॉक्टर धास्तीने गोळी लिहितो. मीही लिहिली आहे. खरं तर २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा वेळी 'प्रत्यक्ष या' म्हणता येतं. त्यांनाच परत फोन करून कशावरून दिली ते विचारा.

मला शंका वेगळीच आहे. कोकण, पावसाळा. आई शेतात उतरल्या होत्या का? पोटऱ्या दुखतात? डोळे लाल, लघवी कमी? तसं असेल तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) रक्त तपासावं लागेल, व्हिडिओवर भागणार नाही. आणि ब्रुफेन देऊ नका.

धागाकर्ती :
विचारलं. दहा दिवसांपूर्वी शेजाऱ्यांच्या लावणीला गेली होती, अनवाणी! पोटऱ्या दुखतायत, पण "वाकून वाकून दुखणारच की" असं तिचं मत. चुलतभाऊ रिक्षा घेऊन निघालाय. घसा दाखवताना कवळी काढायला लाव, असंही सांगितलंय त्याला.