टोड ॲरे: सोनारच्या आधी विंचकडे बघा

वायररोप:
आयएनएस कोलकाता ही युद्धनौका १६ ऑगस्ट २०१४ ला मुंबईत नौदलात दाखल झाली, तेव्हा तिच्यावर टोड ॲरे नव्हता. टोड ॲरे म्हणजे पाणबुडीची चाहूल घ्यायला जहाजामागं लांब केबलनं ओढत नेतात ती हायड्रोफोनची, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनची, माळ. तो का नाही यावर खूप लिहिलं गेलं, आणि लिहायलाच हवं होतं. पण माळ पाण्यात सोडणाऱ्या आणि परत घेणाऱ्या विंचबद्दल कुणी बोलत नाही. विंच अडकला की सगळा सोनार, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारी ही यंत्रणा, ड्रमवर गुंडाळून पडतो.

मी सर्वेक्षण जहाजाच्या मागच्या डेकवर बारा वर्षं काढली. तिथंही अशीच माळ, असाच ड्रम. एका रात्री माळ आत घेत होतो. लेव्हल वाइंडची, म्हणजे केबल ड्रमवर शेजारी शेजारी बसवणाऱ्या गाड्याची, चेन जराशी सैल झाली होती. गाडा केबलच्या अर्ध्या जाडीनं मागं राहिला. तिसऱ्या थरात फट पडली आणि वरचा वेढा तिच्यात रुतला. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी माळ सोडताना तो वेढा सुटेना, मग एकदम सुटला. झटक्यानंतर केबलवरच्या पोलादी तारा पिंजऱ्यासारख्या फुगल्या होत्या. हातमोज्यातूनही जाणवत होत्या.

म्हणून माझं म्हणणं: ड्रमचे फेरे आणि गाड्याची जागा जुळते का, हे यंत्रानंच सतत तपासावं आणि चुकलं तर थांबावं. चेन, स्लिप रिंग (फिरत्या ड्रममधून वीज आणि सिग्नल नेणारा जोड), होज (विंच चालवणाऱ्या तेलाची नळी) हे तारखेनं नाही, माळ किती वेळा सोडली-घेतली त्या हिशेबानं बदलावं.

पश्चिमवारा:
नाही पटलं. खारं पाणी उडतं त्या जागी आणखी दोन सेन्सर म्हणजे बिघडायला आणखी दोन जागा. चार खोटे अलार्म वाजले की पाचव्या वेळी पोरं तो बायपास करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माळ जाते ती बहुतेक वेळा चालवण्यातल्या चुकीनं. जहाज हळू झालं की केबल खाली बसते. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, तिथंही पाणी ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे केबल तळाला घासायची भीती. त्यात मासेमारीची जाळी. आणि २०२० च्या शेवटी उत्तरेकडच्या समुद्रात ब्रिटिश नौदलाच्या नॉर्थम्बरलँडच्या माळेला रशियन पाणबुडी धडकली. तिथं कुठला विंच काय करणार होता? पैसा सरावावर घाला.

ग्रीसगन:
दोघंही हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा विंच, धरून बसलात. इलेक्ट्रिक मोटर लावा. होज फुटणं नाही, डेकवर तेल नाही, ताण किती ते थेट कळतं.

वायररोप:
ग्रीसगन, होजचं खरं. पण लाट जहाज उचलते तेव्हा हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, उघडतो आणि ड्रम थोडी केबल सोडतो. इलेक्ट्रिकमध्ये ते काम मोटरच्या कंट्रोलला आणि ब्रेकला करावं लागतं. ते नीट बसवलं नाही तर धक्का गिअरबॉक्स खातो.

पश्चिमवारा, पाणबुडी धडकली तर विंचचा दोष नाही, मान्य. खोट्या अलार्मचंही मान्य, म्हणून दोनच सेन्सर मागतोय, दहा नाही. पण आमच्या त्या रात्री चालवणाऱ्यानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. अंधार, पाऊस, आणि वेढा तीन थर खाली. सरावानं तो कसा दिसला असता?

पश्चिमवारा:
दिसला असता. प्रत्येक थर भरला की विंच थांबवायचा, टॉर्च मारायचा, लाकडी फळी लावून वेढे बघायचे. आमच्याकडे हाच नियम होता. वेळ लागतो म्हणून लोक टाळतात.

वायररोप:
लढाऊ जहाजाला माळ घाईनं आत घ्यावी लागली, तर प्रत्येक थराला थांबायला वेळ कोण देणार? फळी सरावाच्या दिवशी लावा, जरूर लावा. पण लढाईच्या दिवशी गाड्यानंच सांगायला हवं की मी मागं पडलोय.