चार डेस्कटॉप केले पण विंडो जागेवर राहतच नाहीत, मदत हवी आहे

मंडळी, डोकं पिकलंय माझं. घरच्या मशीनवर लिनक्स आहे, त्यावर एक्सएफसीई हे डेस्कटॉप वातावरण, आणि मी हौसेने चार वर्कस्पेस, म्हणजे वेगवेगळे डेस्कटॉप, करून ठेवलेत. पहिल्यावर मेल आणि चॅट, दुसऱ्यावर ब्राउझर, तिसऱ्यावर माझं अनुवादाचं काम म्हणजे एक डॉक्युमेंट आणि शेजारी शब्दकोश, चौथ्यावर गाणी आणि उरलेला सगळा पसारा. कंट्रोल धरून एफ१ ते एफ४ दाबलं की हव्या त्या डेस्कटॉपवर, पहिले दोन दिवस इतकं भारी वाटलं की विचारू नका.

आता रडगाणं. तिसऱ्यावर काम करताना डॉक्युमेंटमधल्या लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर दुसऱ्यावर राहून तिथेच टॅब उघडेल असं मला वाटतं, पण नाही, अख्खी विंडो वीस-पंचवीस टॅबांचं लटांबर घेऊन तिसऱ्यावर येते आणि डॉक्युमेंटवर फतकल मारून बसते. मग टायटल बारवर राइट क्लिक, मूव्ह टु अनदर वर्कस्पेस, परत पाठवा. पाच मिनिटांनी चॅटमध्ये कुणी लिंक टाकली की स्वारी पहिल्यावर. दिवसभर माझं हेच चाललेलं असतं, म्हणजे काम कमी आणि खिडक्या हाकणं जास्त.

दुसरं, रोज सकाळी लॉगिन केलं की सगळे प्रोग्रॅम पहिल्याच डेस्कटॉपवर एकमेकांच्या डोक्यावर उघडतात. एके ठिकाणी वाचून डब्ल्यूएमसीटीआरएलची (कमांड देऊन विंडो हलवणारा प्रोग्रॅम) स्क्रिप्ट लिहिली आणि स्टार्टअपला लावली. ब्राउझरला डॅश टी (कुठल्या डेस्कटॉपवर न्यायचं ते) करून २ दिलं तर तो तिसऱ्यावर गेला, आणि मेल जागचा हललाच नाही. काय चुकलं कळत नाही.

तिसरं जरा विचित्र आहे. मधूनच सगळ्या विंडो गायब होतात! काल मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून बोलत होते, फाईल दाखवायला विंडो जरा बाजूला सारली आणि एकदम नुसता वॉलपेपर. समोर सहा माणसं आणि मी "एक मिनिट हं, एक मिनिट हं" करत बसले. मला वाटलं सगळं क्रॅश झालं, रीस्टार्ट करणार होते, तेवढ्यात कंट्रोल एफ३ दाबलं तर सगळं जिथल्या तिथे.

लॉगआउट करून पाहिलं, पॅनेल काढून परत लावलं, काही फरक नाही. कृपया रीइन्स्टॉल कर म्हणू नका.

*

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण मी स्वतः त्यात फसलोय. मोकळ्या वॉलपेपरवर माऊसचं चाक फिरवलंत ना? एक्सएफसीईत रिकाम्या जागेवर स्क्रोल केलं की वर्कस्पेस बदलतो. विंडो बाजूला सारली, मागचा वॉलपेपर उघडा पडला, पॉइंटर त्यावर होता आणि बोट चाकावर. सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्स, त्यात वर्कस्पेसेस टॅब, तिथे माऊस व्हीलची टिक काढा.

बाकी दोन्हींसाठी हे सांगा, एक्स११ आहे की वेलँड, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणारी यंत्रणा कुठली? स्क्रीन एक की दोन?

*

अहो हो!! चाकच होतं, आत्ता मुद्दाम करून पाहिलं. टिक काढली. एक्स११ आहे, स्क्रीन एकच.

*

एक्स११ असेल तर सोपं आहे. पण नुसतं 'इथे क्लिक करा' सांगितलं तर उद्या दुसरीकडे अडाल, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याला वाटतं ब्राउझर स्वतःहून उठून आला. तसं नसतं. ब्राउझर आधीच चालू आहे, तुम्ही लिंकवर क्लिक केल्यावर त्याच चालू ब्राउझरला निरोप जातो की हा पत्ता उघड. तो टॅब उघडतो आणि विंडो मॅनेजरकडे (विंडो कुठे, कशा दिसतील ते सांभाळणारा भाग) अर्ज करतो, की बाबा मला पुढे आण. आता ती विंडो दुसऱ्या डेस्कटॉपवर आणि तुम्ही तिसऱ्यावर, तर पुढे आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे ब्राउझर ठरवत नाही, विंडो मॅनेजर ठरवतो. म्हणून ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये कितीही शोधलंत तरी सापडणार नाही.

त्याच ट्वीक्समध्ये फोकस नावाचा टॅब आहे. तिथे 'व्हेन अ विंडो रेझेस इटसेल्फ' असं लिहिलंय आणि खाली तीन पर्याय. पहिला, विंडो चालू वर्कस्पेसवर आणा. तुमचा हाच लागलेला असणार, डिफॉल्ट तोच असतो. दुसरा, विंडो जिथे आहे तिथे तुम्हालाच न्या. तिसरा, काहीच करू नका. पहिला सोडून कुठलाही घ्या, ब्राउझर जागा सोडणार नाही.

आता स्क्रिप्ट. डब्ल्यूएमसीटीआरएल डेस्कटॉप शून्यापासून मोजतं! तुमचा पहिला म्हणजे ०, दुसरा म्हणजे १. तुम्ही २ दिलंत, त्याने इमानदारीत तिसऱ्यावर नेऊन ठेवलं. मेल हलला नाही याचं कारण बहुतेक असं की कमांड चालली तेव्हा मेलची विंडो उघडलेलीच नव्हती, जे नाही ते हलवणार कसं. कमांडच्या आधी काही सेकंदांचा स्लीप, म्हणजे थांबायची कमांड, टाका. आणि विंडो टायटलवरून शोधू नका, ब्राउझरचं टायटल टॅबागणिक बदलतं. डॅश एल आणि डॅश एक्स एकत्र दिलं की विंडोच्या क्लासची नावं (विंडो कुठल्या प्रोग्रॅमची त्याची खूण) दिसतात, ती टॅब बदलला तरी तीच राहतात. त्याच यादीत डेस्कटॉपचा आकडाही दिसेल, आणि एखाद्यापुढे उणे १ असेल तर ती विंडो सगळ्याच डेस्कटॉपवर चिकटवलेली आहे असं समजा.

स्लीपचा जुगार नको असेल तर डेव्हिलस्पाय२ बघा. ते मागे बसून राहतं, नवी विंडो उघडली की तुमचा नियम लावतं, म्हणजे दुपारी ब्राउझर बंद करून परत उघडला तरी तो आपल्या जागी जातो. नियम लुआ भाषेत लिहायचे, पण चार ओळींचं काम आहे. फक्त तिथे मोजणी १ पासून आहे, ० पासून नाही. हे असं का, ते मला विचारू नका.

*

लॉगआउटच्या खिडकीत सेशन सेव्ह करायची टिक असते, तीही चालते की. काही प्रोग्रॅम दाद देत नाहीत, पण टर्मिनल आणि फाईल मॅनेजर माझे बरोबर जागेवर येतात. आणि वेलँडवर जायचा विचार असेल तर डब्ल्यूएमसीटीआरएल विसरा, ते एक्स११च्या विंडोंपुरतंच आहे. मी केडीईवर (एक्सएफसीईसारखंच दुसरं डेस्कटॉप वातावरण) गेलो, तिथे टायटल बारवर राइट क्लिक करून त्या विंडोचा नियमच बनवता येतो, स्क्रिप्टची भानगड नाही.

*

मध्येच घुसतोय, माफी असावी. माझ्याकडे विंडोज ११ आहे. विंडोज, कंट्रोल आणि बाण दाबून डेस्कटॉप बदलतो ते ठीक, पण उघडी विंडो कीबोर्डने पलीकडच्या डेस्कटॉपवर टाकायची शॉर्टकट की कुठली? आणि ऑल्ट टॅबमध्ये दुसऱ्या डेस्कटॉपचं काहीच दिसत नाही, मग मी तीच फाईल दोनदा उघडून बसतो.

*

तशी शॉर्टकट की विंडोजमध्ये दिलेलीच नाहीये. २०१५ साली विंडोज १० बरोबर डेस्कटॉप आले तेव्हापासून लोक मागतायत. विंडोज आणि टॅब दाबा, विंडोवर राइट क्लिक, मूव्ह टु, नाहीतर सरळ ओढून खालच्या डेस्कटॉपवर टाका. बाहेरचे छोटे प्रोग्रॅम मिळतात पण ते विंडोजच्या ज्या आतल्या भागांवर चालतात ते जाहीर केलेले नाहीत, त्यामुळे मोठं अपडेट आलं की बंद पडायचा धोका असतोच.

ऑल्ट टॅबचं मात्र जमेल. सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग, तिथे डेस्कटॉप्स उघडा. टास्कबारला वेगळा आणि ऑल्ट टॅबला वेगळा पर्याय आहे, ऑल्ट टॅबचा सगळ्या डेस्कटॉपवर करा आणि टास्कबारचा राहू द्या, नाहीतर गर्दी होते. आणि डेस्कटॉप बंद केला तर विंडो जातील म्हणून घाबरू नका, त्या शेजारच्या डेस्कटॉपवर सरकतात.

(मॅकवाला कुणी येण्याआधीच सांगतो, तिथे डॉकमधल्या आयकॉनवर राइट क्लिक, ऑप्शन्स, असाइन टु. आणि स्पेसेसचा (मॅकवरचे डेस्कटॉप) क्रम आपोआप बदलतो ती टिक पहिल्यांदा काढा.)

*

धागाकर्ती परत आलेय. शून्याचं वाचून कपाळावर हात मारला, दोन दिवस घालवले मी त्यात! डेव्हिलस्पाय२ लावलंय, तीन नियम लिहिले, आज सकाळी सगळे आपापल्या जागी उघडले. चॅट मात्र नियमात घातलंच नाही, ते टायटल बारवरून ऑलवेज ऑन व्हिजिबल वर्कस्पेस करून कोपऱ्यात लहान करून ठेवलंय.

फोकसमध्ये आधी दुसरा पर्याय घेतला होता, पण मग प्रत्येक लिंकला मीच उचलून दुसऱ्यावर नेली जायला लागले, वाक्य अर्धवट टाकून. एक परिच्छेद वाचताना मी चार-पाच लिंका सटासट उघडते आणि नंतर एकदम बघते, त्यामुळे 'काहीच करू नका' हेच बरं पडलं. फक्त लिंक उघडली की नाही ते कळत नाही, म्हणून पहिल्या दिवशी एकच पान सहा वेळा उघडलं होतं.