सलामांकात स्पॅनिश कुटुंबात राहावे की स्वतंत्र खोली घ्यावी?

प्रश्न (विद्यार्थिनी, पुणे)

नमस्कार. मी तीन वर्षे स्पॅनिश शिकत असून डेले या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत परीक्षेची बी1 पातळी उत्तीर्ण झाले आहे. येत्या सप्टेंबरपासून जूनपर्यंत भाषेच्या अभ्यासक्रमासाठी स्पेनमधील सलामांका येथे जाण्याचे नक्की झाले आहे. राहण्यासाठी दोन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे 68 वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या एका बाईंच्या घरी दोन्ही वेळच्या जेवणासह खोली, आणि दुसरा म्हणजे चार विद्यार्थिनींच्या सदनिकेत एक खोली. घरच्यांचा कल अर्थातच पहिल्या पर्यायाकडे आहे, परंतु माझे मन अजून तयार होत नाही. मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि परक्याच्या स्वयंपाकघरात नऊ महिने रोज आपल्यासाठी वेगळे करायला लावणे मला फार अवघड वाटते. शिवाय अशा घरात आपण नेमके कोण असतो, पाहुणे की भाडेकरू, हे कळत नसल्यामुळे वागावे कसे आणि त्या बाईंना हाक कशी मारावी, हेही ठरत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुटुंबात राहिल्याने भाषा खरोखरच सुधारते का? ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (सलामांकात दहा महिने राहिलेली, नाशिक)

मी याच शहरात, अशाच एका वयस्कर बाईंकडे राहिले होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आधी जेवणाचे. ‘मी शाकाहारी आहे’ एवढेच स्पॅनिशमध्ये कळवून थांबू नका. तिथल्या जुन्या पिढीच्या मनात ‘कार्ने’ म्हणजे समोर दिसणारा मांसाचा तुकडा. डब्यातला ट्यूना मासा, हामोनच्या, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या, बारीक चकत्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेली डाळ ही त्यांच्या हिशेबी मांसाहारात मोडतेच असे नाही. माझ्या पहिल्या दिवशी बाईंनी मोठ्या प्रेमाने मसुराची ‘लेंतेहास’ वाढली आणि तिच्यातला चोरिसो, म्हणजे मांसाचा सॉसेज, काढून बाजूला ठेवला, की झाले शाकाहारी! त्यांच्या मनात फसवणूक नव्हती, त्यांना खरोखरच तसे वाटत होते. म्हणून जाण्यापूर्वीच पदार्थांची नावे घेऊन लिहा: नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि आतून, नि हामोन, नि काल्दो दे कार्ने, नि उएवो (मी मांस, मासे, ट्यूना, हामोन, मांसाचे पाणी, अंडे यांपैकी काहीही खात नाही). अंड्याचा मुद्दा ठळकपणे सांगा, कारण मांस वगळले की तिथल्या गृहिणीला सर्वांत आधी आठवते ती तोर्तिया, म्हणजे बटाटा आणि अंड्यांची जाड पोळी.

हे एकदा स्पष्ट झाले की पुढचे तितके कठीण नाही. मसूर, हरभरे आणि पांढरा राजमा हे तिथले रोजचे धान्य आहे. पिस्तो नावाची टोमॅटो, ढोबळी मिरची आणि कांद्याची भाजी आपल्याला परकी वाटत नाही. फक्त तिच्यावर तळलेले अंडे घालण्याची पद्धत आहे, तेवढे नको म्हणावे लागते. बेसन ‘आरिना दे गार्बान्सो’ या नावाने मिळते. मी एका रविवारी परवानगी घेऊन बटाट्याची भाजी आणि बेसनाची धिरडी केली, तेव्हा एक गंमत कळली. आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, परंतु स्पेनमध्ये ‘बाताता’ म्हणजे रताळे, आणि बटाट्याला म्हणतात ‘पाताता’. मी बाजारातून बाताता आणायला सांगितले आणि पिशवीतून निघाली रताळी.

वेळा मात्र तुम्हालाच बदलाव्या लागतील. मुख्य जेवण दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान असते आणि रात्रीचे हलके जेवण नऊनंतर. दुपारच्या जेवणानंतर ताटे उचलली तरी माणसे उठत नाहीत, गप्पा मारत बसून राहतात. याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. मी पहिला महिना अभ्यासाचे निमित्त करून लगेच खोलीत जात असे, आणि आज मला त्याचे खरोखर वाईट वाटते. डिसेंबरात थंडी वाढली, तेव्हा केवळ ऊब मिळावी म्हणून मी बसू लागले. त्यांच्या गोल टेबलाखाली ब्रासेरो म्हणजे छोटी शेगडी असे आणि टेबलावरून जमिनीपर्यंत जाड कापड सोडलेले असे. ते मांडीवर ओढून घेऊन त्या आपल्या गावच्या, धाकट्या बहिणीच्या, दुकानदाराशी झालेल्या भांडणाच्या गोष्टी सांगत. माझे स्पॅनिशमधील भूतकाळाचे दोन्ही प्रकार त्या टेबलापाशी पक्के झाले.

सलामांका सुमारे 800 मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात रात्रीचे तापमान अनेकदा शून्याखाली जाते, त्यामुळे सपाता आठवणीने न्या. मी आपल्या सवयीने घरात अनवाणी फिरले, तर बाई आपल्या जुन्या सपाता हातात घेऊन माझ्या मागे आल्या आणि मी त्या पायात घालेपर्यंत दारातून हलल्या नाहीत.

उत्तर (नोकरीनिमित्त स्पेनमधील वायादोलिद शहरात, मूळचा साताऱ्याचा)

वरील अनुभव वाचून आनंद झाला, परंतु प्रत्येक घर असे नसते हेही सांगणे आवश्यक वाटते. विद्यार्थी असताना मला मिळालेल्या पहिल्या घरात आणखी तीन परदेशी मुले होती. जेवण झाकून ठेवलेले असे, घरची मंडळी दुसऱ्या खोलीत दूरदर्शनसमोर जेवत, आणि आम्ही चौघे आपसांत इंग्रजीत बोलत असू. पाच आठवडे मी संकोचाने गप्प राहिलो. शेवटी घर बदलून मागितले, तेव्हा ते दोन दिवसांत मिळाले. म्हणून आत्ताच विचारा, की घरात आणखी किती विद्यार्थी असतील, त्यांची भाषा कोणती, आणि यजमान तुमच्याबरोबर जेवायला बसतात का. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून घर कसे आहे याचा बराच अंदाज येतो.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. तुमचा मुक्काम सहा महिन्यांहून अधिक असल्यामुळे स्पेनमध्ये पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे तिएसाठी, अर्ज करावा लागेल. त्यासाठी बहुधा ‘पाद्रोन’ची, म्हणजे नगरपालिकेत त्या पत्त्यावर नाव नोंदवल्याची, पावती मागतात. भाडेकरार तुमच्या नावावर नसल्यामुळे या नोंदणीसाठी घरमालकिणीची लेखी संमती लागते. काही यजमानांना त्यांच्या पत्त्यावर दुसऱ्याचे नाव चढवणे रुचत नाही. ही गोष्ट तिथे गेल्यावर कळली, तर सप्टेंबरात विद्यार्थ्यांच्या गर्दीत दुसरी खोली शोधणे फार जड जाते.

उत्तर (स्पॅनिशची शिक्षिका, नागपूर)

संबोधनाचा प्रश्न योग्य आहे, कारण आपली मुले नेमकी तिथेच अडखळतात. सुरुवात ‘उस्तेद’ने, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ने, करा. बहुधा पहिल्याच दिवशी त्या ‘तुतेआमे’ म्हणतील, म्हणजे मला ‘तू’ म्हण. त्यानंतर मात्र आदर म्हणून ‘उस्तेद’ला चिकटून राहिलात, तर त्यांना तो दुरावा वाटेल. 68 वर्षांच्या बाईंना एकेरी हाक मारायला जीभ वळत नसेल, तर आपण आजीलाही ‘तू’च म्हणतो हे आठवा. त्या एकेरीत अनादर नसतो, तसाच इथेही नाही.

भाषेबद्दल सांगायचे तर, वर्गात इंग्रजीच्या आधाराने शिकलेले स्पॅनिश घरात मराठीच्या आधाराने अधिक लवकर सुटते, असे माझे ठाम मत आहे. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ आणि ‘मला आंबे आवडतात’ या वाक्यांची घडण एकच आहे. दोन्हीकडे क्रियापद आंब्यांप्रमाणे चालते. पेला फुटला, तर ‘मी पेला पाडला’ असे जुळवत बसू नका. ‘से मे कायो एल वासो’ म्हणजे तंतोतंत ‘माझ्या हातून पेला पडला’. ज्या सुब्जुंतिवोला, म्हणजे इच्छा वगैरे दाखवणाऱ्या क्रियारूपाला, विद्यार्थी घाबरतात, तोही आपल्याला अगदीच अनोळखी नाही: ‘किएरो के वेंगास’ म्हणजे ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’, आणि त्या ‘यावेस’मध्ये जी छटा आहे तीच ‘वेंगास’मध्ये आहे. घरात अशी वाक्ये दिवसातून वीसदा कानावर पडतात, वर्गात आठवड्यातून दोनदा.

उच्चाराकडे लक्ष असू द्या. कास्तियात, म्हणजे सलामांका ज्या प्रदेशात आहे तिथे, ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘काथा’ म्हणजे शिकार. या दुसऱ्या शब्दातील ध्वनी आपल्या ‘थ’सारखा जोर देऊन नव्हे, तर जीभ दातांमध्ये धरून हवा सोडत काढावा. शिवाय आपल्या बाई ‘ले दिहे’ (मी तिला सांगितले) याऐवजी ‘ला दिहे’ म्हणाल्या, तर गोंधळू नका. कास्तियाच्या अनेक भागांत तसे बोलतात. फक्त परीक्षेत तसे लिहू नका, तिथे ती चूक धरली जाते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पदार्थांची नावे लिहून पत्र पाठवले आणि वरील तिन्ही प्रश्नांबरोबर पाद्रोनबद्दलही विचारले. आज उत्तर आले. घरात दुसरे कोणी विद्यार्थी नाहीत, नोंदणीसाठी त्या स्वतः माझ्याबरोबर नगरपालिकेत येतील, आणि रोज दुपारी अडीच वाजता त्या माझी जेवायला वाट पाहतील. पत्रातील माझे ‘उस्तेद’ वाचून त्यांनी पहिल्याच ओळीत ‘तुतेआमे’ लिहिले आहे. मी त्यांच्याकडे राहायचे ठरवले आहे. सपाता इथूनच घेऊन जाते.