मुलांच्या कार्टिंगमधली धक्काबुक्की आणि पंचांचे निर्णय: आधी काय बदलावं?

हेअरपिन_पुणे
आमच्या क्लबच्या मालिकेत ८ ते १४ वयाची मुलं आहेत, सगळ्या टू-स्ट्रोक कार्ट (छोट्या, उघड्या शर्यतीच्या गाड्या). ट्रॅक छोटा, ओव्हरटेक व्हायचा तो एकाच हेअरपिनला (यू आकाराच्या वळणाला). दर शर्यतीत तिथे कोणीतरी आत घुसतं, बाहेरचा गवतात जातो आणि निकाल लागायच्या आत दोन्हीकडचे पालक टायमिंगच्या टेबलाशी हजर. मार्शल सगळे स्वयंसेवक. तशाच धक्क्याला सकाळी ताकीद मिळते, दुपारी ५ सेकंदांचा दंड. पैसे बेताचे आहेत. सुरुवात कशापासून करावी: नियम, मार्शल की कॅमेरे?

पोस्ट_नंबर_चार
कॅमेरे सगळ्यात शेवटी. आधी वळणावर आतून येणाऱ्याचा जागेवरचा हक्क कधी सुरू होतो ते एका वाक्यात लिहून काढा. उदा. बाहेरचा स्टिअरिंग वळवतो त्या क्षणी आतल्याचं पुढचं चाक बाहेरच्याच्या सीटपर्यंत पोचलेलं हवं. पोचलं असेल तर बाहेरच्याने एक कार्ट मावेल एवढी जागा ठेवायची, नसेल तर आतल्याने माघार घ्यायची. सीटऐवजी स्टिअरिंग धरलंत तरी चालेल, पण मग वर्षभर तेच. ब्रीफिंगला दोन कार्ट शेजारी ठेवून दाखवा. फळ्यावरच्या आकृत्या आठ वर्षांच्या मुलाला कळत नाहीत.

मार्शलना धक्क्याचे दोन प्रकार ओळखायला शिकवा. या कार्टना ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर असतो. फार उशिरा दाबला की मागची चाकं लॉक होतात, मागची बाजू घसरते आणि कार्ट आडवी होऊन शेजाऱ्यावर जाते. हा घुसखोरीचा धक्का. दुसरा वळणातून बाहेर पडताना होतो. कार्टला डिफरन्शियल (मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) नसतं, त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं जावं लागतं. मूल अगदी आतून, कमी वेगात शिरलं की ते चाक जमिनीवरच राहतं, कार्ट पुरेशी वळत नाही आणि शेजाऱ्याला बाहेर रेटत नेते. दोन्हीकडे गवतात जाणारा सारखाच, पण पहिल्यात दंड हवा. दुसऱ्यात पहिल्या वेळी नंबरासह काळा-पांढरा, म्हणजे ताकिदीचा, झेंडा आणि नंतर कोचशी बोलणं पुरे.

मार्शलच्या पोस्टवर दोघं, पाठीला पाठ लावून. एकाची नजर येणाऱ्या कार्टवर आणि हातात झेंडा, दुसरा पुढे गेलेल्यांकडे बघतो आणि लिहितो. एकटा माणूस झेंडा हलवताना धक्का पाहूच शकत नाही, आणि मग पडलेल्या कार्टवरून अंदाज बांधतो. चिठ्ठीवर लॅप, वळण, कार्ट नंबर, कोणाचं चाक कुठे होतं, चाकं लॉक होती का, कोणाची जागा गेली, एवढंच. ‘मुद्दाम’ हा शब्द चिठ्ठीत नको. हेतू आणि दंड क्लार्क ऑफ द कोर्सने (शर्यतीच्या मुख्य अधिकाऱ्याने) ठरवायचा.

टूस्ट्रोक_काका
वरच्याला एक जोड. ड्रॉप-डाउन फ्रंट बंपर सक्तीचा करा. आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये तो २०१५पासून आहे. पुढच्याला मागून जोरात ढकललं की ढकलणाऱ्याचा बंपर ब्रॅकेटमध्ये मागे सरकतो, आणि शेवटी तो जागेवर नसेल तर त्याला ५ सेकंद. तिथे वाद घालायला वावच नाही.

पण तपासणी कडक हवी. बंपर काढून कार्ट प्री-ग्रिडला (स्टार्टआधी कार्ट रांगेत लावतात तिथे) आणायची आणि तिथे अधिकाऱ्यासमोर बसवायचा. नाहीतर कोणी क्लॅम्प जास्त आवळतं, कोणी टेप मारतं, कुठे वाकलेल्या पुढच्या बारमुळे बंपर अडकून बसतो. नोंद फिनिश लाइनवर उभ्या माणसाने करायची, पार्क फर्मेमध्ये (शर्यतीनंतर कार्ट तपासणीसाठी ठेवतात तिथे) नाही. फिनिशनंतर तिथे पोचेपर्यंतच्या लॅपमध्ये मुलं पायाने दाबून तो परत बसवतात. असं करताना सापडला तर ५ सेकंदांवर सोडू नका, त्या शर्यतीतून बाद करा.

लेट_ब्रेकर
काका, बंपरला चूक कोणाची ते कळत नाही. पुढच्याने वळणाआधी विनाकारण ब्रेक मारला तरी बंपर मागच्याचाच सरकतो. पहिल्या लॅपच्या गर्दीत तर मधल्या मुलाला मागूनही धक्का असतो. बंपरचा दंड आपोआप लागू राहू दे, पण पुढच्याच्या ब्रेकची चिठ्ठी आली असेल तर त्यालाही वेगळा दंड हवा.

आणि वळणावरच्या धक्क्यांना सेकंद नकोत. १० लॅपच्या शर्यतीत घोळका एकत्र असेल तर ५ सेकंदांत सहा-सात जागा जातात. कार्ट विखुरलेल्या असतील तर एकही नाही. त्याऐवजी जागा कापा: धक्का देऊन जितक्या मिळवल्या तितक्या परत आणि वर एक. हीट (अंतिम शर्यतीआधीची फेरी) असेल तर पुढच्या शर्यतीच्या ग्रिडवर मागे.

हेअरपिन_पुणे
हे पटलं. पालकांचं काय करू?

क्लार्क_साहेब
प्रवेशअर्जावरच लिहून घ्या की मुलासोबतच्या प्रत्येक माणसाच्या वागण्याला एन्ट्रंट (मुलाची नोंदणी करणारा) जबाबदार, आणि शिक्षा मुलाच्या निकालावर होऊ शकते. टायमिंगच्या टेबलाला दोरी लावा. तात्पुरता निकाल वेळ टाकून लावायचा. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेप्रमाणे निकालावर आक्षेपाला त्यानंतर ३० मिनिटं असतात. आक्षेप लेखी, फी भरूनच. बंपर, स्टार्ट आणि फिनिश यांवर ‘जज ऑफ फॅक्ट’ (काय घडलं एवढंच ठरवणारा पंच) नेमून त्याचं नाव सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये (त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात) छापा. त्याने पाहिलेल्या वस्तुस्थितीवर आक्षेप घेता येत नाही.

सुनावणीला मूल आणि एकच मोठा माणूस. आधी मुलाला विचारा, “वळताना तो तुला कुठे दिसला?” मोठ्याने मध्ये उत्तर दिलं तर थांबवा. यात ढिलाई नको. इटलीतल्या लोनाटोच्या कार्टिंग ट्रॅकवर ऑक्टोबर २०२०मध्ये एका चालकाने ट्रॅकच्या कडेला उभं राहून धावत्या कार्टवर बंपर फेकला, नंतर मारामारी झाली आणि त्यात त्याचे वडीलही होते. दोघांवरही एफआयएने १५ वर्षांची बंदी घातली.

पोस्ट_नंबर_चार
उरलेल्या पैशांत हेअरपिनला दोन कॅमेरे. एक ब्रेकिंगच्या जागी ट्रॅकला काटकोनात, साधारण ३ मीटर उंचीवर. चाक सीटपर्यंत पोचलं होतं का हे फक्त त्यातच दिसतं. दुसरा सरळ रस्त्यामागून, आत जागा होती का ते दाखवायला. समोरून झूम लावू नका, दोन कार्टमधलं अंतर आहे त्यापेक्षा कमी वाटतं. सकाळी दोन्हींवर टायमिंगच्या स्क्रीनवरचं घड्याळ काही सेकंद चित्रित करून ठेवा, म्हणजे चिठ्ठीतला लॅप फुटेजमध्ये शोधत बसावं लागत नाही.