घरून काम करणारं माणूस निवडताना काय बघता?

ओसरी
आज मुलाखती घेतल्या. सगळे 'मी सेल्फ-मोटिव्हेटेड आहे' म्हणत होते आणि मला २०२० चा जून आठवला. टीममधली एक मुलगी दापोलीहून काम करत होती. निसर्ग वादळ ३ तारखेला धडकणार म्हणून आदल्या संध्याकाळी तिची मेल आली. कुठली फाइल कुठे, काय अर्धवट, क्लायंटला काय कबूल केलंय, कुणाला विचारायचं. मग लाइट, नेटवर्क सगळंच गेलं. कित्येक दिवस तिचा पत्ता नाही, पण काम अडलं नाही. तेव्हापासून मुलाखतीत विचारतेच, 'उद्यापासून तुमचा फोन लागला नाही तर?' बहुतेक जण इन्व्हर्टरबद्दल सांगतात! तुमचे अनुभव लिहा.

टिंबटिंब
आमचे साहेब नावापुढचा हिरवा ठिपका बघतात. एका पठ्ठ्याने माउस टेबलफॅनला बांधला. अप्रेझल झकास 😂

चहाबाज
कुठल्या स्पीडला?

लेखाजोखा
माझ्याकडे दोघी घरून हिशोब लिहितात. ठेवण्याआधी तासाभराचं काम देते, पैसे देऊन. त्यातल्या एका बिलावर मुद्दाम जीएसटी नंबर नसतो. काही जण गपचूप पुढे जातात, एकाने तर मनानेच नंबर घातला!! 'ताई, हे बिल असंच आहे का?' असं विचारणारी ठेवायची. ऑफिसात चेहरा बघून कळतं कुणाचं अडलंय ते, इथे तिने सांगितल्याशिवाय कसं कळणार. थांबा, कुकर.

रातकिडा
कॅलिफोर्नियावाले. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की आमची साडेआठची मीटिंग साडेनऊला. 'कुठलीही वेळ चालेल' म्हणणाऱ्यांची मला भीतीच वाटते. एक म्हणाली, आठवड्यातून दोनदा रात्री बसेन, रोज नाही. ती टिकली. 'चालेल'वाले सगळे गेले.

माजघर
गुण वगैरे ठीक, पण घरच्यांचं काय? 'घरीच आहेस ना, दळण टाकून ये.' क्लायंट कॉल चालू असताना! सासूबाईंची पण मुलाखत घ्या.

टिंबटिंब
@माजघर आमच्याकडे उलट, आई कॅमेऱ्यासमोर केळं ठेवून जाते.

ओसरी
@लेखाजोखा बिलाची युक्ती ढापतेय.

सुपारीबाग
ओसरीताई, दापोलीत कुठे? आमचं आंजर्ले. वादळात निम्मी बाग आडवी. पोफळी परत लावल्या, पण सुपारी धरायला वर्षं जातात हो.

ओसरी
तिचं कर्दे. त्यांचेही माड गेले, कलमं वाचली.

चहाबाज
कलमं वाचली? मग पुण्यात पेटी कितीला पडेल?