उन्हाळी सत्रांतून फ्रेंचचे एमए

प्रश्न: मी शाळेत फ्रेंच शिकवते. नोकरी न सोडता केवळ उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत एमए पूर्ण करता येईल का?

प्रतिसाद १: होय. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मिडलबरी कॉलेजची फ्रेंच शाळा १९१६पासून चालते. तिथले पदव्युत्तर सत्र सहा आठवड्यांचे असून चार उन्हाळ्यांत पदवी मिळवता येते. सत्रभर फ्रेंचखेरीज अन्य भाषा न बोलण्याची प्रतिज्ञा करावी लागते, आणि ती जेवतानाही पाळायची असल्यामुळे, माझ्या मते, खरे शिक्षण वर्गाबाहेरच होते.

प्रतिसाद २: साहित्याबरोबर ध्वनिशास्त्राचा विषय अवश्य घ्यावा. अनुनासिक स्वर नेमके कसे घडतात हे मला स्वतःला उमगल्यावरच विद्यार्थ्यांचे उच्चार सुधारता येऊ लागले.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. ध्वनिशास्त्राचा विषय पहिल्याच उन्हाळ्यात घेईन.